डी. एन. रोडबद्दल विचारलंत ना, आता ऐका

मागच्या अंकात एका उत्तरात मी सहज लिहून गेले की भर पावसात छत्री न उघडता मुंबईत चालायचं असेल तर डी. एन. रोडला, म्हणजे फोर्टातल्या दादाभाई नौरोजी रस्त्याला जा. बास, एवढंच एक वाक्य, आणि त्यावर इतकी पत्रं नि मेल आले की ह्या वेळचा सगळा कॉलम त्या रस्त्यालाच देऊन टाकलाय. लोणच्याला बुरशी का येते आणि सोसायटीचा सेक्रेटरी ऐकत नाही वगैरे विचारणाऱ्यांनी रागावू नका, तुमचे प्रश्न पुढच्या महिन्यात घेते. आणि एक आधीच कबूल करते म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की ताई पक्षपाती आहेत: मी 26 वर्षं फोर्टात नोकरी केली, रोज व्हीटीला, म्हणजे आताच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला, उतरून याच रस्त्याने ऑफिसला गेले, त्यामुळे पक्षपात होणारच आहे.

प्रश्न: ताई, मी 22 वर्षं डोंबिवली-व्हीटी करतोय. स्टेशनातून बाहेर पडून फ्लोरा फाउंटनच्या दिशेने चाललो की डोक्यावर बिल्डिंगच असते, म्हणजे फुटपाथ बिल्डिंगच्या पोटातूनच जातो. हे महापालिकेने केलंय का मालकांनी? आणि सगळ्यांनी मिळून एकसारखं कसं काय केलं? आमच्याकडे तर दोन शेजाऱ्यांचं कंपाउंडच्या भिंतीवरून पटत नाही. (एक वाचक, डोंबिवली)

मालकांनीच केलं, पण खुशीने नाही हो, करायला लावलं. आणि त्याची गोष्ट भिंतीवरूनच सुरू होते, तुमच्या कंपाउंडपेक्षा जरा मोठ्या भिंतीवरून.

आज ज्याला आपण फोर्ट म्हणतो तिथे खरोखरचा किल्ला होता, जुनी मराठी माणसं त्याला 'कोट' म्हणायची. तट, तटाबाहेर खंदक, आणि आत यायला तीन मोठे दरवाजे: अपोलो गेट, चर्चगेट आणि बाजारगेट. यातलं चर्चगेट आपण रोज लोकलच्या अनाउन्समेंटमधे ऐकतो पण तिथे गेट कुठाय हे कुणी विचारत नाही. तर कोटाच्या आत इंग्रज, पारशी, गुजराती व्यापारी, बोहरी असे सगळे दाटीवाटीने राहायचे, 1803 साली आत मोठी आग लागली आणि तेव्हापासूनच लोकांना कळत होतं की ही दाटी बरी नाही, पण तट काही पाडला नाही. शत्रूची भीती संपली, तोफांचं काम संपलं, तरी तट आपला उभाच. शेवटी 1862 साली बार्टल फ्रियर गव्हर्नर म्हणून आला आणि त्याच्या कारकिर्दीत तट पाडायला घेतला. तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, मुंबईत पैसा नुसता वाहत होता, त्यामुळे नवं शहर बांधायची हौसही होती आणि ऐपतही.

तट गेला, खंदक बुजवला, आणि त्या पश्चिमेच्या तटाच्या अंगाने जो रस्ता होता तो रुंद करत करत जो मोठा रस्ता झाला तो हा आपला डी. एन. रोड, तेव्हाचा हॉर्नबी रोड. म्हणजे तुम्ही 22 वर्षं चालताय ते एका पडलेल्या भिंतीच्या बाजूबाजूने. खरं वाटत नसेल तर एकदा पूर्वेच्या गल्ल्यांत शिरून बघा, बाजारगेट, बोरा बाजार, सगळ्या कशा अरुंद नि वेड्यावाकड्या, कारण त्या कोटाच्या आतल्या जुन्या गल्ल्या. आणि पश्चिमेला गेलात तर एकदम रुंद रस्ते, मोठाले प्लॉट, मैदानं, ते सगळं तटाबाहेरचं, नंतर आखलेलं. एक रस्ता ओलांडला की शंभरेक वर्षांचा फरक पडतो, आणि आपण तो सिग्नलचे सेकंद मोजत ओलांडतो.

आता कमानींकडे येते. रस्ता झाला तसे दोन्ही बाजूंना प्लॉट भरायला लागले, आणि ज्याच्या त्याच्या मनाप्रमाणे बांधू दिलं असतं तर काय झालं असतं ते तुम्हाला डोंबिवलीत वेगळं सांगायला नको. तर 1896 मधे सरकारने नियम केला की या रस्त्यावर जो कोणी इमारत बांधेल त्याने तळमजल्याला रस्त्याच्या कडेने कमानींचा सलग, छप्पर असलेला पायरस्ता सोडायचा, येणाऱ्या जाणाऱ्या कोणासाठीही. वरती तुम्हाला हवी ती स्टाइल करा. म्हणून होतं काय, की वर बघाल तर एक इमारत गॉथिक, टोकदार कमानींची, शेजारची एकदम ग्रीक खांबांची, तिसरीला घुमट नि जाळ्या, एकीचा दुसरीशी संबंध नाही, पण खाली मात्र सगळ्यांनी हात धरल्यासारखी कमानींची रांग. मला विचाराल तर ह्या रस्त्यावरची सगळ्यात भारी गोष्ट व्हीटी नाही, ही रांग आहे. व्हीटी बांधायला स्टेशनाएवढा पैसा लागतो, कमानीला एक नियम लागला आणि तो मोडू न देणारं कुणीतरी. मालकाला वरचे मजले फुटपाथवर पुढे काढता आले, चालणाऱ्याला सावली मिळाली, दोघांचं काम झालं. आता सांगा, आज नवीन टॉवर बांधताना फुटपाथ वाचला तरी आपण पेढे वाटतो.

छत्रीबद्दल मात्र प्रामाणिकपणे सांगते, मागच्या वेळी थोडी फुशारकी मारली. मधे मधे गल्ल्या येतात तिथे दहा पावलं भिजावंच लागतं, आणि प्रत्येक इमारतीचं जोतं वेगळं, त्यामुळे एक पायरी वर एक पायरी खाली, पावसाळ्यात लादी निसरडी. मी एकदा भरलेल्या डब्यासकट सपशेल पडलेय, भेंडीची भाजी सगळ्या फोर्टाने बघितली.

प्रश्न: माझे आजोबा शेवटपर्यंत हॉर्नबी रोडच म्हणायचे. हा हॉर्नबी कोण? आणि दादाभाईंचं नाव देण्यामागे काही कारण की उगाच? (एक वाचक, नाशिक)

विल्यम हॉर्नबी, 1771 ते 1784 मुंबईचा गव्हर्नर. याचं दुसरं काम तुम्हाला माहीत असेल, महालक्ष्मी-वरळीकडची खाडी अडवून बांध घातला तो हॉर्नबी वेलार्ड, म्हणजे सात बेटांची एक मुंबई व्हायला लागली त्यातलं मोठं पाऊल. गोष्ट अशी सांगतात की लंडनहून कंपनीने परवानगी नाकारली तरी ह्याने काम चालूच ठेवलं आणि आलेलं पत्र खणात टाकून दिलं. खरी का खोटी देव जाणे, पण गोष्ट मला आवडते, सरकारी नोकरीत असलेल्यांना तर फारच आवडेल.

दादाभाईंचं म्हणाल तर उगाच अजिबात नाही. 1825 चा जन्म, एल्फिन्स्टनमधे शिकले आणि तिथेच प्रोफेसर झाले, 1851 मधे 'रास्त गोफ्तार' हे गुजराती पत्र काढलं, काँग्रेसचे तीनदा अध्यक्ष, 1886, 1893 आणि 1906. आणि 1892 साली लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून थेट ब्रिटिश पार्लमेंटात निवडून गेले, तेही किती मतांनी, 5! पाच हजार नाही, पाच. तिकडे त्यांच्या आडनावाचा उच्चार जमेना म्हणून लोकांनी 'नॅरो-मेजॉरिटी', म्हणजे निसटतं बहुमत, असं चेष्टेचं नाव पाडलं होतं. हिंदुस्थानातला पैसा इंग्लंडला कसा वाहून जातो हे आकडे मांडून दाखवणारा हा माणूस, आणि त्याचं नाव कुठल्या रस्त्याला, तर जिथे त्या काळच्या बड्या बड्या विलायती कंपन्यांची नि दुकानांची ऑफिसं होती त्या रस्त्याला. ज्याने कोणी ठरवलं त्याला दाद द्यायला हवी. रस्त्याच्या दक्षिण टोकाला फाउंटनजवळ दादाभाईंचा बसलेला पुतळा आहे, 1925 मधला, शिल्पकार आपले बाळाजी वसंत तालीम. रोज हजारो लोक त्याच्यासमोर टॅक्सीची वाट बघत उभे राहतात, वर कुणी बघत नाही.

फक्त एक दुरुस्ती, 'डी. एन. रोड' म्हणता म्हणता निम्म्या लोकांना डी. एन. म्हणजे काय हेच माहीत नसतं. आमच्या ऑफिसात एक नवीन मुलगा लागला होता, त्याला वाटायचं दीनानाथ!

प्रश्न: आम्ही पुण्याचे, त्यामुळे लक्ष्मी रोडपुढे काही कौतुक नाही, पण मुलगी 11 वर्षांची आहे आणि तिला शाळेत शहराच्या रस्त्यावर प्रोजेक्ट आहे. एका दिवसात काय काय दाखवता येईल, कुठून कुठे चालायचं? शॉपिंग नको. (एक पालक, पुणे)

लक्ष्मी रोडबद्दल मी काही बोलत नाही, मला पुण्यात नातेवाईक आहेत.

रविवारी सकाळी या. आठ ते दहा. बाकी दिवशी तुम्हाला रस्ता दिसणार नाही, फक्त माणसं दिसतील. सुरुवात उत्तरेकडून करा, क्रॉफर्ड मार्केटपासून, म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडई. 1869 ची इमारत, विल्यम इमर्सनने काढलेली, पहिला म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड त्याच्या नावाने. दारावरच्या दगडी पट्ट्या मुलीला नीट बघायला सांगा, शेतकरी, कामकरी माणसं कोरलीत, ते लॉकवूड किपलिंगचं काम. हा माणूस तिथून पाच मिनिटांवरच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधे शिकवायचा आणि त्याच आवारात 30 डिसेंबर 1865 ला त्याचा मुलगा जन्मला, रुडयार्ड किपलिंग. मोगली मुलीला माहीत असेलच. आता तिथे दिसतो तो लाकडी बंगला त्याच्या जन्मानंतरचा आहे, त्यामुळे "ह्याच खोलीत" वगैरे कुणी सांगितलं तर मान हलवा नि पुढे चला. जे. जे. स्वतः 1857 चं, आणि कॉलेजचं आवार असल्यामुळे आत सोडतीलच असं नाही, गेटवर विचारा.

तिथून दक्षिणेकडे चालत निघालात की उजव्या हाताला टाइम्सची इमारत आणि अंजुमन-ए-इस्लामची शाळा, तिचे घुमट बघायला विसरू नका, बहुतेक लोक समोरच्या व्हीटीचे फोटो काढतात आणि पाठ हिच्याकडे करतात. संस्था 1874 ची, ही इमारत 1893 ची.

आणि मग तो चौक, जिथे मान कुठे वळवू असं होतं. एकीकडे व्हीटी, आता छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, दुसरीकडे महापालिका, आणि गंमत म्हणजे दोन्ही एकाच माणसाने काढलेल्या, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. व्हीटीचं काम 1878 ला सुरू झालं, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या मुहूर्तावर 1887 ला तिचं नाव दिलं, काम पुरं व्हायला 10 वर्षं लागली. मुलीला तीन गोष्टी शोधायला सांगा. गेटच्या खांबांवर एकीकडे सिंह नि एकीकडे वाघ, सिंह ब्रिटनचा आणि वाघ आपला. घुमटाच्या अगदी टोकाला हातात मशाल घेतलेली बाई, ती म्हणजे 'प्रगती'. आणि भिंतीवरच्या कोपऱ्याकापऱ्यात कोरलेले पक्षी, माकडं, पानं, यातलं बरंचसं कोरीवकाम जे. जे. च्या विद्यार्थ्यांच्या हातचं, म्हणजे तिच्यापेक्षा काही फार मोठी नसलेली पोरं. प्रोजेक्टमधे हे लिहिलं तर बाई खूश होतील.

महापालिकेची पायाभरणी लॉर्ड रिपनने 1884 मधे केली, इमारत 1893 ला पुरी झाली, मनोरा 255 फूट. दर्शनी भागावर पंख असलेली मोठी मूर्ती आहे ती मुंबई नगरीची, 'अर्ब्स प्रायमा इन इंडिस', हिंदुस्थानातलं पहिलं शहर असा तोरा. समोर फिरोजशहा मेहतांचा पुतळा, 1923 चा. माझं वैयक्तिक मत विचाराल तर स्टीव्हन्सने व्हीटीवर जेवढी मेहनत घेतली त्याहून महापालिकेवर जास्त घेतलीय, पण स्टेशन जगभर गाजलं, 2004 ला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं, आणि पालिका बिचारी पालिकाच राहिली.

इथे रस्ता ओलांडायला सबवे आहे. जपून. त्या सबवेत शिरलं की इतक्या तोंडांपैकी आपलं कुठलं ते कळत नाही, मी 26 वर्षांत कितीदा चुकीच्या जागी बाहेर पडलेय ते सांगत नाही. मुलीचा हात धरा.

पलीकडे कॅपिटल सिनेमाची इमारत, हे आधी गेईटी नावाचं नाटकाचं थिएटर होतं, 1879 चं. आणि इथून खरा कमानींचा पट्टा सुरू होतो, दक्षिणेला फाउंटनपर्यंत. इथे घाई करू नका. एकेका इमारतीसमोर रस्त्याच्या पलीकडे उभं राहून वरती बघायचं आणि मग या बाजूला येऊन खालून चालायचं, दोन्ही केल्याशिवाय रस्ता कळत नाही. दगड बघायला शिकवा तिला, पिवळसर तो मालाडचा, काळा तो आपला नेहमीचा बेसॉल्ट. वाटेत खादी भांडाराची इमारत लागेल, ती मुळात व्हाइटवे लेडलॉ या विलायती डिपार्टमेंट स्टोअरची, जिथे साहेबलोक नि मडमा खरेदीला यायच्या, तिथे नंतर खादी विकायला लागली! असली गंमत इतिहास फार क्वचित करतो. हँडलूम हाउसची जागा म्हणजे सर जमशेटजी जीजीभॉय यांचा राहता वाडा, फोर्ट हाउस, मग तिथे इव्हान्स फ्रेझरचं दुकान आलं, मग हातमाग, आणि 1982 मधे आग लागून आतलं सगळं गेलं. वाच्छा अग्यारी पण याच रस्त्यावर, 1881 ची, दारावर दाढीवाले पंखधारी बैल, जुन्या इराणातल्यासारखे. आत पारशांशिवाय कोणाला जाता येत नाही, बाहेरूनच बघा आणि फोटो काढताना जरा बेताने.

शेवटी जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूट, 1898 ची इमारत, वाचनालय आहे. तिची दुरुस्ती इतकी सुरेख झाली की 2015 मधे युनेस्कोचा पुरस्कार मिळाला, आणि दोनच वर्षांनी खालून मेट्रोचं खोदकाम सुरू झाल्यावर तिथला दगडी तुकडा पडला म्हणून विश्वस्त हायकोर्टात गेले, काम काही काळ थांबलंही. आता मेट्रो 3 सुरू झालीय, व्हीटीला आणि फाउंटनजवळ तिची स्टेशनं आहेत, आणि मी तिचा वापर करते हेही कबूल करते.

नुसतं चालत गेलात तर सगळा रस्ता वीस-पंचवीस मिनिटांचा आहे. मुलीबरोबर दोन तास धरा.

प्रश्न: सिद्धार्थ कॉलेज याच रस्त्यावर आहे ना? मग डी. एन. रोडबद्दल कुणी लिहिताना पारशी आणि इंग्रज यांच्यापुढे का जात नाही? (एक वाचक, औरंगाबाद)

तुमचा राग बरोबर आहे, आणि वरचं उत्तर लिहून झाल्यावर मला माझीच लाज वाटली म्हणून हा प्रश्न लगेच घेतेय, वर घुसडून टाकला नाही.

हो, याच रस्त्यावर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 8 जुलै 1945 ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि 20 जून 1946 ला सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं. नंतर डी. एन. रोडवरच्या दोन इमारती संस्थेकडे आल्या, त्या म्हणजे आनंद भवन आणि बुद्ध भवन. जरा विचार करा, कोटाच्या काळात या भागात कोणाला घर मिळायचं, कोणाला नाही, मग हॉर्नबी रोड झाला तेव्हा इथे पाट्या कोणाच्या होत्या, आणि त्याच रांगेत त्याच कमानींवर 'बुद्ध भवन' ही अक्षरं लागली. कॉलेज सकाळचं ठेवलं होतं, म्हणजे ज्याला पोटासाठी नोकरी करायचीय त्याला आधी शिकून मग कामावर जाता यावं. फोर्टात ऑफिसं, ऑफिसाच्या दारात कॉलेज, यापेक्षा चांगली जागा कुठली असणार होती? कॉमर्स आणि लॉ कॉलेजही मागाहून आली, आणि बाबासाहेबांच्या संग्रहातली पुस्तकं कॉलेजच्या लायब्ररीत आहेत.

आमच्या ऑफिसात निदान चार जण तरी सिद्धार्थचे होते, सकाळी लेक्चर करून दहाला टेबलावर हजर, वहीवर शाईचे डाग तसेच. त्यातला एक पुढे आमचाच साहेब झाला. पुण्याच्या पालकांनो, तुमच्या यादीत हे पण घाला, आणि खरं तर वर घाला.

प्रश्न: फ्लोरा फाउंटन म्हणायचं की हुतात्मा चौक? घरात यावरून भांडण झालंय. (एक वाचक, ठाणे)

दोन्ही म्हणा हो, भांडू नका, पण कशाला काय म्हणतोय ते कळू द्या. फ्लोरा फाउंटन म्हणजे ते कारंजं, 1864 चं, वर फ्लोरा नावाची रोमन फुलांची देवी. ते मुळात राणीच्या बागेत, म्हणजे तेव्हाच्या व्हिक्टोरिया गार्डनमधे बसवायचं होतं, खर्च 47,000 रुपये आला, त्यातले 20,000 करसेटजी फर्दुनजी पारेख यांनी दिले, आणि शेवटी ते आलं इथे, जिथे कोटाचं चर्चगेट होतं साधारण त्या जागी. म्हणजे दरवाजा गेला नि देवी आली.

हुतात्मा चौक हे नाव मात्र कारंज्याचं नाही, माणसांचं आहे. 21 नोव्हेंबर 1955 ला संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या मोर्चावर इथे गोळीबार झाला, 15 माणसं गेली, आणि पूर्ण आंदोलनात शंभरावर. शेजारी मशाल धरलेला शेतकरी नि कामगार उभे आहेत ते त्यांच्यासाठी. आमचे वडील तिथून जाताना चप्पल काढायचे. मी त्यांना लाजायचे, कॉलेजात होते ना, आता लाजत नाही. मी स्वतः टॅक्सीवाल्याला फाउंटन म्हणते आणि मुलांना चौकाचं नाव सांगते, मला त्यात काही विसंगत वाटत नाही.

प्रश्न: कमानींत फेरीवाले इतके की चालता येत नाही. हेरिटेज म्हणता ना, मग ह्यांना हटवत का नाहीत? (एक वाचक, विलेपार्ले)

ह्या प्रश्नावर माझं मत दर पाच वर्षांनी बदलतं, म्हणून आत्ताचं सांगते. हा रस्ता 1995 पासून मुंबईच्या हेरिटेज यादीत आहे, एखादी इमारत नाही, रस्ताच्या रस्ता. नंतर वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी इथल्या पाट्यांचं नि फुटपाथवरच्या सामानाचं काम हातात घेतलं. तुम्हाला आठवत असेल तर आधी एकेका कमानीवर दुकानाची दहा फुटी प्लास्टिकची पाटी असायची, त्यामागे दगडी कोरीवकाम आहे हे दुकानदारालाही ठाऊक नसायचं. पाट्या कमानीच्या आत बसतील अशा केल्या, दिवे, बाकडी एका जातीची आली, आणि जबरदस्तीपेक्षा दुकानदारांना, ऑफिसांना समजावून, त्यांनाच बरोबर घेऊन झालं हे विशेष. त्याला 2004 साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला, त्याच साली व्हीटी जागतिक वारसा झालं, म्हणजे या रस्त्याचं ते वर्ष चांगलंच गेलं म्हणायचं.

फेरीवाल्यांचं असंय. कमानी चालणाऱ्यासाठी सोडल्या हे खरं, त्यामुळे एका बाजूला दुकानाची शोकेस नि दुसऱ्या बाजूला खांबाला टेकून घड्याळवाला, बेल्टवाला, मोबाइलच्या कव्हरवाला असे बसले की मधे एकच माणूस जाऊ शकतो, तोही कुशीवर. म्हातारी माणसं रस्त्यावर उतरून चालतात आणि बस अंगावरून जाते, हे मला मान्य नाही. पण सगळे हटवा म्हणाल तर त्यालाही मी हात वर करणार नाही. माझं पहिलं घड्याळ, पोराची जॉमेट्री बॉक्स, पावसाळी चपला, सगळं याच खांबांपाशी घेतलंय, आणि संध्याकाळी सातनंतर ऑफिसं बंद झाली की ह्यांच्या दिव्यांमुळेच त्या कमानींखालून एकट्या बाईला बिनधास्त चालता यायचं. दुकानांची शटर खाली, फेरीवालाही नाही, अशा बंदच्या दिवशी मी एकदा तिथून गेलेय, परत जाणार नाही. एका बाजूचे खांब त्यांना द्या, माप आखून द्या आणि मधली वाट मोकळी ठेवा, फेरीवाल्यांचा कायदा 2014 चा आहे, त्यात जागा नेमून द्यायचं लिहिलेलं आहे, ते करायचं सोडून आपण एक दिवस गाडी आणतो, माल उचलतो, दुसऱ्या दिवशी सगळे परत तिथेच.

प्रश्न: या रस्त्यावर ट्राम होती का? आई सांगते पण तिची तारीख नेहमी चुकते. (एक वाचक, कल्याण)

आईला चुकू द्या, पण तारखा ह्या घ्या. मुंबईत घोड्यांची ट्राम 1874 ला, विजेची 1907 ला, आणि शेवटची ट्राम 31 मार्च 1964 ला बोरीबंदर, म्हणजे व्हीटीजवळून, दादरपर्यंत धावली, लोक तिला बघायला रस्त्याच्या दोन्ही कडांना उभे होते. आईचा जन्म त्याआधीचा असेल तर ती खरं सांगतेय. मधल्या काळात बस आली, पहिली बस 15 जुलै 1926 ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. आणि फाउंटनची अलीकडे दुरुस्ती झाली तेव्हा खणताना खाली ट्रामचे जुने रूळ सापडले, डांबराखाली इतकी वर्षं तसेच. फोटो पेपरात आला होता, शोधून आईला दाखवा.